अख्खं चॉकलेट

ताई,

सहा वर्षांपूर्वी कोको पिकवणाऱ्यांना रास्त भाव मिळावा म्हणून भरवलेल्या सभेत मी तुला माइकपुढे उभं केलं आणि म्हणाले, "ही माझी बिचारी बहीण, कोको पिकवते." तू तडक घरी गेलीस. तेव्हापासून आपलं बोलणं कामापुरतंच. तुझा राग मला आज कळला, तोही माझ्याच चुकीने.

दरवर्षी वर्गात मी चॉकलेटच्या पैशात कुणाचा किती वाटा, याचा धडा घेते. मोठं चॉकलेट मोडून दुकानदार, कारखानदार आणि ट्रकवाला झालेल्या मुलांना तुकडे देते, पिकवणाऱ्याच्या हातावर उरलेला चुरा ठेवते. मुलं हळहळतात आणि मी खूश होते. आज फळ्यावर नकाशा काढायचा होता, म्हणून अख्खं चॉकलेट पिकवणारी झालेल्या मुलीकडेच सांभाळायला दिलं. वळून बघते तर कारखानदार तिच्या बाकापाशी हात पसरून उभा, आणि ही म्हणतेय, "आधी भाव बोल. नाहीतर चल, फूट!"

सगळा वर्ग पोट धरून हसला, मीसुद्धा. मग लक्षात आलं, वीस वर्षं चॉकलेट स्वतःच्या हातात धरून मी न्याय शिकवत होते!

हे पत्र पेटीत टाकणार नाही, कारण यातही मीच बोलतेय. रविवारी येते. माइक नाही, भाषण नाही. पुन्हा गट्टी करायला काय घेशील, ते तू सांग. मी घासाघीस करणार नाही.

तुझी,
आगाऊ धाकटी