न तपासलेली स्कूटर

थोरलीच्या आईस,
बेटावरून सप्रेम नमस्कार.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझी कंबर कशी आहे?

इथे पाहुण्यांना फिरायला बस आहे, रिक्षा आहे, पण तरुणांना आमच्या दुकानातली भाड्याची स्कूटरच हवी असते. ती देण्याआधी मी स्वतः उतारावर चालवून ब्रेक बघतो. सोमवारी गुडघा धरला होता, म्हणून एक तशीच दिली. नेणारी मुलगी आपल्या थोरलीच्या वयाची. वळणावर ब्रेक लागलाच नाही. काल ती गेली.

मालक म्हणतो, "काका, पोलिसांनी विचारलं तरी ब्रेक बघितला होता एवढंच म्हणा."

उद्या तिचे वडील बोटीने येतायत. मी त्यांना खरं तेच सांगणार आहे. थोरलीला तू जवळ बसवून सांग.

माझा पत्ता बदलला तर कळवीन.

तुझाच,
थोरलीचे बाबा