एका ग्लासाचे सोळा

ती. दादा यांस,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण एक अंग प्लास्टरमध्ये असल्यामुळे तूर्त सप्तांगावर भागवून घ्यावं. तुमचा गुडघा आणि वहिनींची सर्दी आता बरी असेल. इकडे माझं मनगट सोडून सगळं क्षेम आहे (तुमच्या बहिणीचा अबोला हिशेबात धरला नाही तर).

तुमच्या निवृत्तीच्या जेवणानंतर तुम्ही आत घोरत होतात, तेव्हा भेट म्हणून शिवून आणलेला पडदा लावायला मी स्टुलावर चढलो आणि पडद्यासकट खाली आलो, इथवर तुम्हाला ठाऊकच आहे. पुढचं रामायण हॉस्पिटलातलं. तिथे अपघात विभागाच्या दारातच एक सिस्टर बसते. हाड मोडलेलं असो की डोकं फुटलेलं, तिचा पहिला प्रश्न ठरलेला, किती घेतली? मी छाती पुढे काढून सांगितलं, एक ग्लास बिअर. (मी शिंपी माणूस, मापात पाप करत नाही.)

आता गंमत बघा. पेशंट नेहमी निम्मीच सांगतो, असा तिथल्या सगळ्यांचा पक्का अनुभव. म्हणून सिस्टरने मुकाट दोन लिहिले. शिकाऊ डॉक्टरला वाटलं दोन हा माझाच आकडा, त्याने चार केले. हाडांच्या डॉक्टरांनी चाराचे आठ. प्लास्टर ओलं असतानाच मला दारू सोडवणाऱ्या बाईंपुढे बसवलं, त्यांनी सोळा. (घरी आल्यावर चारही कागद शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा हा उलगडा झाला.) सोळा ग्लास पोटात असताना स्टुलावर चढलात तरी कसे, असं त्यांनी विचारलं, त्यात मला थोडं कौतुकच ऐकू आलं. रागावणार तरी कुणावर? गिऱ्हाईक बत्तीस कंबर सांगतं तेव्हा मीही गुपचूप चौतीस कापतोच.

शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला एक गृहस्थ "थोडीशीच हो, थोडीशीच" म्हणत होता आणि त्याची बायको भिंतीकडे बघत उभी होती. आता तिची आठवण आली की मात्र माझं हसू मावळतं. कारण शेवटचा कागद वाचल्यापासून तुमची बहीणही तशीच भिंतीकडे बघते. तीन दिवस झाले, चहा समोर आदळते, पण बोलत नाही. तिच्या बडबडीवाचून घर खायला उठतं, दादा.

आपला एकहाती मेहुणा

ता.क. १ : म्हणून एवढी कृपा करा. तुम्ही मला एकच ग्लास ओतला होता, असं चार ओळींचं पत्र तिच्या नावाने धाडा. तुमचा शब्द ती खाली पडू देत नाही.

ता.क. २ (हे फक्त तुमच्यापुरतं) : तुम्ही हात धुऊन आलात तेव्हा तुमचा भरलेला ग्लास रिकामा दिसला आणि तुम्ही मांजराला हाकललंत. मांजर निर्दोष आहे. म्हणजे सिस्टरचं माप अगदी बिनचूक होतं.

ता.क. ३ : दादा, पाकीट चिकटवायला दोन हात लागतात, म्हणून हे माझ्याकडे आलं. तुझं पत्र नको. वाचून मी इतकी हसले की हे दचकून उठून उभे राहिले, आता बोलावंच लागणार. सोळाने माझी झोप उडवली होती रे. मांजराला वाटीभर दूध घाल. आणि यांनी दोन कबूल केलेत, म्हणजे मी चार धरते.