पांढऱ्याखालचा चुडा

आखाडा बाळापूर, ३ नोव्हेंबर १९३७
आलो एकदाचे! बैलगाडीनं हाडं खिळखिळी केली, पण घर पाहून मनकर्णाची कळी खुलली. तीन खोल्या, मागं आड आणि उत्तरेला मोठी खिडकी. आड बायकोचा, खिडकी माझी. दवाखान्यातलं कंपाउंडरचं काम पोटासाठी. खरा मी चित्रकार, हे इथं अजून कुणाला ठाऊक नाही. रंगांना लागणारं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन दवाखान्यातच मिळणार, म्हणजे अर्धं काम झालं. मनकर्णाचं चित्र काढायचं वचन लग्नापासून, चार वर्षं लोंबकळतंय. आता सबब उरली नाही.

७ नोव्हेंबर
औषधं आणायला हिंगोलीला गेलो आणि छावणीतल्या एका जुन्या बंगल्याच्या लिलावात चौकटीवर ताणलेला कॅनव्हास पटकावला. त्यावर आधीच एक चित्र आहे. बंजारा तांड्यावरची तरुण बाई, कोपरापासून खांद्यापर्यंत हस्तिदंती चुडा. काढणाऱ्याचा हात चांगला होता, कबूल करायला जड जातं. मनकर्णा म्हणाली, इतकी हसरी बाई पुसू नका. मी म्हटलं, नवे कॅनव्हास काय झाडाला लागतात?

९ नोव्हेंबर
जुनं चित्र झाकायला सकाळी सफेदा, म्हणजे पांढरा रंग, लावायला घेतला. दोन्ही दंड झाकून झाले, तोच सरपणाची मोळी घेऊन तांड्यावरची पारुबाई आली. चित्र पाहिलं आणि मोळी टाकून खालीच बसली. ही तिची भावजय नानीबाई. तांडा हिंगोलीजवळ होता तेव्हा ती त्या बंगल्यावर दूध घालायची, तिथल्या साहेबानं समोर बसवून काढलेली. पारुबाईचं एकच चाललं होतं: काहून पांढरं फासून राहिले तुमी? माझा भाऊ खेमा जिता हाय. चुडा तर मालक मेल्यावर उतरवतेत. पुसा ते, पाया पडते.

ओला रंग चिंधीनं पुसायला घटकाही लागली नसती. पण मला दवाखान्याला उशीर होत होता, आणि खरं सांगायचं तर हसूही आलं. तिच्यादेखत चेहराही झाकून टाकला.

१५ नोव्हेंबर
सफेदा पुरता वाळायच्या आतच काम सुरू केलं. घाई हा माझा जुना रोग. पण चित्र झकास उतरतंय! मनकर्णा खिडकीशी बसते, मान अवघडली म्हणून कुरकुरते, मग स्वतःच पुन्हा नीट बसते. डाव्या हातात चार, उजव्यात तीन हिरव्या बांगड्या, तिच्या हातांत आहेत तेवढ्याच. त्यांच्यावर मी दोन दिवस घालवले. शेजारच्या गोजरबाई म्हणाल्या, हात लावला तर वाजतील बघा.

१९ नोव्हेंबर
सरपण आलं नाही. गोजरबाई सांगून गेल्या, खेमा मेला. ताप आला आणि उतरलाच नाही. नानीबाईचा चुडा उतरवला. अंथरुणाला कधी लागला, ते मी विचारलं. नऊ तारखेला.

योगायोग असतात. मनकर्णा जेवली नाही. मला लाज वाटते, ती इथंच लिहितो.

२१ नोव्हेंबर
चित्रातली सर्वांत वरची बांगडी पांढरी झाली. खालचा ओला सफेदा वर आला असणार, माझीच घाई नडली. पुन्हा हिरवा रंग दिला. दुपारी पुन्हा पांढरी.

आडावर मनकर्णाची एक बांगडी वाढली. फुटली म्हणायचं नसतं, म्हणून तिनं मला दटावलं. नवऱ्याच्या आयुष्याशी ते जोडलेलं.

२३ नोव्हेंबर
चित्रात चार हिरव्या. तिच्या हातांतही चार. कासाराला बोलावून हात भरून घेतले. पाणी शेंदलं, भांडी घासली— संध्याकाळी पुन्हा चारच.

मला ताप. क्विनाइन घेतलं. उतरत नाही.

२५ नोव्हेंबर
चित्राच्या कडेला, जिथं नुसती भिंत रंगवली होती, तिथं सुरीनं खरवडलं. खाली नानीबाईचा दंड आहे. तिचा चुडा तिला परत द्यायचा, एवढंच मनात होतं. पांढरं निघालं. खाली दंड— उघडा. चुडा नाही. नुसते फिकट वळ. मी माझ्या हातानं झाकला होता तो. हस्तिदंताची एकेक कड आठवते—

२६ नोव्हेंबर
गाडी करून तांड्यावर गेलो. पारुबाईचे पाय धरले. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, तवा ओलं व्हतं, पुसलं असतं तर निघालं असतं. आता वाळलं.

मनकर्णाला सांगितलं नाही. मला मरायचं नाही. तिचं कपाळ— नाही. लिहिणार नाही.

२७ नोव्हेंबर, दुपार
एक उरली.

मनकर्णाचा डावा हात कापडात गुंडाळून उशीवर ठेवलाय. हलू नको म्हटलंय. ताप डोक्यात गेला, म्हणते. मी चित्रासमोर. हिरवा देतो, पांढरं वर येतं, पुन्हा देतो. थांबलो तर— श्वास पुरत नाही. एका हातानं रंग, एका हातानं हे—

रंगाची नळी संपत आली.

खोकलो. मनकर्णा उठली, पाणी आणायला. नको म्हणायला आवाज निघत नाही—

आतून काचेचा आवाज. ती म्हणते, काही नाही हो, वाढली, घाबरू नका, आलेच मी—

चित्रात तिचं मनगट