एकवीस हजार मीटर

४ मार्च

पाच मिनिटांत मेले! दांडा हातातून सुटला, साखळी खाडकन आत गेली, सगळी जिम वळून बघायला लागली. नर्स म्हणाली होती, "वय सव्वीस आणि बसल्या जागी नाडी एकशे चार? रोज घाम काढा, नाहीतर गोळी सुरू करू." गोळी नको म्हणून आले. बाकीची मशिनं सोडून वल्ह्याच्याच मशीनवर का बसले, ते मला माहीत आहे. तिसरा मजला, समोर मोठी खिडकी, खिडकीत सगळं सरोवर.

शिकवायला सिमियू म्हणून एक जण आहे. म्हणाला, "मॅडम, उगालीचं पीठ घोटताय काय? हात सगळ्यात शेवटी! आधी पाय."

७१० मीटर.

५ मार्च

मांड्या, पाठ, बोटंसुद्धा. कचेरीचा जिना बसत बसत उतरले.

७ मार्च

परत तेच चुकलं. आधी पायांनी रेटायचं, मग पाठ, मग हात. परत येताना उलट — हात, पाठ, पाय. मी आपली हातांनीच ओढते. बाबा तसेच ओढायचे. नुसते खांदे बघून किनाऱ्यावरून ओळखायचो आम्ही. ओढ जड-हलकी करायची बाजूची कळ मी दहावर ठेवली होती, सिमियूने चारवर आणली. "दहावर ठेवून कुणाचं भलं झालेलं नाही. जोर लावा, घाई नको."

संध्याकाळी ओगुटूकाकांचा फोन. "अकेयो, दादाला जाऊन महिना होत आला. आता यागोचं फळ पुरूया, पोरी."

बुडालेला माणूस मिळाला नाही की त्याच्या जागी ते फळ पुरतात. मला माहीत आहे. पण पुरलं की संपलं — मग कुणी शोधणार नाही. थोरली मी. मी हो म्हटल्याशिवाय काका खड्डा खणणार नाहीत. म्हटलं, थांबा.

"शिकलेल्या मुलीला आणखी कुठला कागद हवाय?"

कागद नको. बाबा हवेत.

११ मार्च

ठरवलं! नाव रिकामी सापडली ती बेटापाशी, जलपर्णीत अडकलेली. आमच्या किनाऱ्यापासून एकवीस किलोमीटर, असं नाववाले म्हणाले. म्हणजे एकवीस हजार मीटर. रोजचे मीटर जोडत जायचे. तिथवर पोचेपर्यंत काकांना हो म्हणायचं नाही. वेडेपणा आहे, कळतंय. कुणाला सांगणार नाही.

आजवर २,९४०.

१५ मार्च

आईला फोनवर मशीनचं बोलून गेले.

"बाईने नावेत बसायचं नसतं, विसरलीस?"

"नाव नाही गं, मशीन आहे. खाली फरशी आहे."

"वल्हं आहे ना?"

मग म्हणाली, "तुझ्या मावशीकडे जुळी झाली. मला बघायला जाता येत नाही." दफन झाल्याशिवाय तिने कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाही. पाच आठवडे ती एकटी अंगणात बसून आहे — माझ्यामुळे. रागावली असती तर बरं झालं असतं.

१८ मार्च

तळहातावरचे फोड फुटले. पट्टी बांधून ९५० केले.

२२ मार्च

हे लिहायचं नव्हतं. पण आज तोंडातून गेलंच, तर इथेही लिहिते.

सिमियूचा नियम असा, की वल्हं मारताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. गाता आलं तर आळस चाललाय, एकच शब्द निघाला तर जास्ती होतंय. "बोला काहीतरी. काल काय जेवलात?"

"ओमेना."

"हा शब्द झाला. वाक्य!"

आणि मी म्हटलं, "त्या दिवशी मी बाबांना फोन केला नाही."

पूर्ण वाक्य. दमसुद्धा लागला नाही.

सरोवरावरच्या वाऱ्याचा अंदाज रोज माझ्या फोनवर येतो, इंग्रजीत. बाबांना अक्षरओळख नव्हती. मी नोकरीला लागल्यापासून रोज संध्याकाळी फोन करून वाचून दाखवायची. ९ फेब्रुवारीला कचेरीत तपासणी होती, डोकं दुखत होतं. वाचलं — पहाटे जोराचा वारा, लहान नावांनी जाऊ नये. आमच्या भाषेत नीट लिहिलं आणि पाठवून दिलं. लिहून! वाचता न येणाऱ्या माणसाला! "पाठवलं" असं आलं, आणि मी चहा करायला उठले.

सिमियूने मशीन थांबवलं नाही. शेजारी उभा राहिला. म्हणाला, "पाय... पाठ... हात." तेवढंच, पुन्हा पुन्हा.

२ एप्रिल

नाडी अठ्ठ्याऐंशी. नर्स खूश. "बघा! कसली गोळी नि काय!"

परतीच्या मटाटूत खिडकीशी बसून रडले. माझं काळीज चांगलं व्हायला लागलंय, याची लाज वाटली. बाबा अजून सापडले नाहीत, आणि माझं बरं होतंय.

३ एप्रिल

काका पुन्हा. "वहिनी जेवत नाही. तू तिथे काय शोधतेस?" चारच दिवस द्या म्हटलं. १८,२००.

५ एप्रिल

हे आजच लिहायला हवं.

जिममधल्या टीव्हीवर कुठल्यातरी परदेशी नदीतली शर्यत लागली होती. लांब चिंचोळी नाव, आठ पोरं, सगळी आमच्यासारखीच दांडा ओढणारी. मी म्हटलं, "ही उलटी का बसलीत?"

सिमियू हसायलाच लागला. "उलटी? तुम्ही महिनाभर तशाच बसताय की, मॅडम! या नावा पाठीकडे जातात."

"पाठीकडे?"

"मग! जिथून निघालात ते समोर दिसतं. जिथे जायचं ते मागे."

आमच्या नावेत सगळे पुढे तोंड करून बसतात. बाबाही तसेच बसायचे. मला दुसरं काही सुचलंच नाही. समोर सरोवर, म्हणजे मी सरोवरात जातेय — प्रत्येक ओढीला बेट थोडं जवळ येतंय, असंच धरून चालले होते.

समोर सरोवर. मग पाठीमागे काय? रस्ता, बाजार, जमीन. म्हणजे इतके दिवस मी बेटाकडून किनाऱ्याकडे येत होते.

तेव्हा आकडा २०,३६० होता. पुढे ओढवलं नाही. उतरले.

६ एप्रिल

उरलेले सहाशे चाळीस. एकदम सावकाश आणले. मागे वळून बघितलं नाही.

मग काकांना फोन केला. म्हटलं, फळ तोडा. बाबा किनाऱ्याला लागले.