रिकामी समजलेली नोंद

पोर्तुगीज वस्ती, मलाक्का
१४ ऑक्टोबर

लाडक्या मोनिक,

तू वेळेवर जेवतेस आणि क्वालालंपूरच्या त्या ऑफिसात एसीखाली बसून सर्दी ओढवून घेत नाहीस, असं धरून चालते. इथे सगळे ठीक. शेजारच्या लियंडर अंकलचा गुडघा दुखतो, तोंड मात्र दुखत नाही. डिसेंबरात तुझ्या लग्नाचा रव्याचा सुजी केक मीच करणार. बेकरीवालीला तसं बजावून आले आहे.

काल फोन मध्येच ठेवला त्याबद्दल माफी मागणार नाही. मला पुढे बोलवेना.

तू हसत होतीस, म्हणून झालेलं पुन्हा नीट लिहिते. आमच्या मंडळाने वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे आपल्या क्रिस्तांग बोलीतले आवाज जमवले आणि तुझ्या कंपनीच्या संग्रहात ठेवले. जागा भरत आली म्हणून मी तिथल्या एआय मदतनिसाला सांगितलं, "रिकाम्या नोंदी काढून टाक." त्याने काढल्या. मग मी यादी पाहिली आणि म्हटलं, "यातली एक परत आण."

"ती आता परत आणता येत नाही," तो म्हणाला. "मी वापरलेल्या आज्ञेच्या वर्णनात हे लिहिलेलं नव्हतं. असतं तर आधी तुम्हाला विचारलं असतं."

चहाला आलेला लियंडर म्हणाला, "अगं हॉर्टेन्स, कचऱ्याच्या डब्यात बघ की!"

"या आज्ञेला डबाच नाही म्हणे."

"डबा नाही? देवसुद्धा माणसाला एकदम नरकात ढकलत नाही, मध्ये शुद्धिस्थान ठेवलंय त्याने!"

मी ते वर्णन उघडून वाचलं. 'यादीतून नोंद हटवते.' बस्स. दुसऱ्या एका आज्ञेने नोंद महिनाभर डब्यात राहते, आणि तिचंही वर्णन जवळजवळ हेच! बिचाऱ्या यंत्राने दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? आमच्या कॉन्व्हेंटच्या प्रयोगशाळेत सिस्टर कोलंबाने तेजाबाच्या बाटलीवर नुसतं 'पातळ पदार्थ' लिहिलं असतं, तर वर्गातल्या निम्म्या पोरी आंधळ्या झाल्या असत्या.

आणि यावर तू काय म्हणालीस? "मावशी, 'हे परत येत नाही, आधी माणसाला विचारा' असं वाक्य होतं तिथे. मीच काढलं. मदतनीस सारखा विचारत बसायचा, गिऱ्हाइकं वैतागायची. चार रिकाम्या नोंदी गेल्या, त्यात काय एवढं!"

त्यातली एक रिकामी नव्हती, मोनिक.

हे लिहायचं टाळायला मी केकच्या आणि गुडघ्याच्या गोष्टी सांगत बसले. आता लिहितेच. तुझ्या आईने, माझ्या बर्नीने, शेवटच्या आजारात तुझ्यासाठी आवाज भरून त्याच संग्रहात ठेवला होता. चर्चला निघण्यापूर्वी नवरी आईपुढे गुडघे टेकते, आणि आई तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देते. आपण तोवर नसू, हे बर्नीला कळलं होतं. "हॉर्टेन्स, त्या सकाळी लाव. आधी सांगितलंस तर बघ!" अशी तंबी दिली तिने, आणि मी तोंड शिवून बसले. आवाज भरताना ती दोन शब्द बोलायची आणि दम लागून थांबायची. मध्ये लांबच लांब शांतता. आवाजही अगदी पुटपुटल्यासारखा. यंत्राला ती नोंद रिकामी वाटली.

दुसरी प्रत नाही. तिचा फोन केव्हाच पुसून देऊन टाकला. तुमच्या कंपनीतल्या माणसालाही विचारलं. "कायमचं गेलं, मॅडम," तो म्हणाला, जणू बस चुकली आहे.

तू मला विचारशील, ती काय बोलली ते निदान सांग. मला नाही येत सांगता. तुझ्या नावाची वस्तू आपण कशाला उघडायची, म्हणून मी पुन्हा लावलीच नाही. पहिले शब्द 'माझ्या पोरी' होते. पुढचं मला रडण्यात धड ऐकू आलं नव्हतं.

लग्नाच्या सकाळी माझ्यापुढे गुडघे टेक. हात मी ठेवीन. बर्नीचे शब्द म्हणून काहीही रचून सांगणार नाही.

पत्र बाजूला ठेवून हवं तेवढं रड. मग डोळे पूस आणि ते वाक्य होतं तिथे परत लिही. आजच. कुठल्या तरी घरात आत्ता कुणीतरी "रिकामं काढून टाक" म्हणत असेल.

तुझ्या आईचं ते बोलणं जिने एकदाच ऐकलं,
ती तुझी मावशी
हॉर्टेन्स