धाकट्या, वचन नको

धाकट्या,

किल्ली शेजारच्या काकूंनी दिलीच असेल. मी दोन दिवस दवाखान्यात आहे, छातीतली गाठ काढायची आहे. आईला मी कामाच्या प्रशिक्षणाला गेले असं सांगितलंय, तेव्हा तोंड सांभाळ.

तिची कूस दर दोन तासांनी बदलायची. पाठीच्या जखमेचं मलम खिडकीत आहे, जखम बघून घाबरू नकोस. जेवण मिक्सरमधून काढूनच भरव, नाहीतर ठसका लागतो.

सकाळी डोळे उघडले की ती विचारेल, "धाकट्याचं वचन आलं का?" तू फोनवर पाठवायचास ते बायबलमधलं वचन मी तिला वाचून दाखवायचे. तीन महिने झाले, तुझं एकही आलेलं नाही. तेव्हापासून पवित्र शास्त्रातून रोज मीच एखादं शोधते आणि तुझ्या नावावर खपवते. "लांब राहून किती जीव लावतो," म्हणत ती डोळे पुसते. हे मी तिची कूस बदलताना ऐकते. कितीदा जिभेवर आलं, पण गिळलं. तूही गिळ.

मला मात्र धीराचं वचन पाठवू नकोस. तू चर्चचा पाळक, तुला मी काय शिकवणार! पण सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र बोलायला लागले तिथे चुकले. त्याआधी सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते गप्प बसून होते. तेवढंच त्यांना नीट जमलं.

तू दोनच दिवस बस. चटई आईच्या पलंगाखाली आहे.

ताई