गायरानावरची सही

बा, तू जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुझी आठवण आली नाही असं नाही, पण आली की राग घेऊनच आली, आणि मेलेल्या माणसावर किती चिडायचं म्हणून मी ती झटकून टाकायचे. आता झटकता येत नाही. मागच्या महिन्यात वस्तीवर विहाराच्या कमानीवर तुझं नाव रंगवलं. खाली लिहिलंय, वस्तीचे मूळ पुरुष. आता तिथे चाळीस घरं आहेत, नळ आहे, रिसोडहून दिवसाला दोन जीपा येतात. भाषणं झाली. एकजण म्हणाला, या टेकाडावर नुसते गोटे आणि तरोट्याचं रान होतं तेव्हा या माणसाने एकट्याने गायरान फोडलं. एकट्याने, असं म्हणाला तो. मी शिरपूरहून मुद्दाम गेले होते, पहिल्या रांगेत बसवलं होतं मला, मांडीवर शाल आणि नारळ.

गोटे मायने वेचले. तू सब्बल मारून ते उखडायचास, हे खरं आहे, आणि गावाची माणसं आपली ढोरं चरायची जागा गेली म्हणून काठ्या घेऊन आली तेव्हा तू एकटा समोर उभा राहिलास, हेही खरं आहे. गावात पाणी तुझ्या ओंजळीत वरून ओतायचे, म्हणून तू डोंगर चढलास. ते मी तुझ्याकडून कधीच हिरावून घेणार नाही. पण टोपलं मायच्या डोक्यावर होतं. धाकटा पोटात होता तेव्हाही होतं. तिची कंबर जी गेली ती शेवटपर्यंत सरळ झाली नाही, आणि तू चारचौघांत म्हणायचास, बायको नाजूक भेटली. हे ऐकून लोक हसायचे, मायही हसायची. मला तेव्हाच तुझ्या तोंडात माती घालावीशी वाटायची.

मला बोलायचंय ते चुलीबद्दल. गायरान फोडणाऱ्या सगळ्यांनाच ठाऊक असलेली गोष्ट होती ती. पंचनाम्याला माणसं आली आणि चूल थंड दिसली, तर इथे कोणी राहत नाही असं लिहायचे, झोपडी मोडायचे, आणि दोन वर्षांची मेहनत मातीत जायची. चूल तापलेली असली की कब्जा चालू आहे असं धरायचे. म्हणून कोणी मजुरीला गेलं तरी घरातलं एक माणूस मागे राहायचं. आपल्या घरातलं ते माणूस म्हणजे मी. दहा वर्षांची. तिसरीत होते.

ऊसतोडीला जायचा दिवस मला अजून दिसतो. माय भांडी बांधते आहे, धाकटा तिच्या पदराला धरून आहे. तू तुराट्यांचा भारा माझ्यासमोर टाकतोस आणि म्हणतोस, "चूल इझू देऊ नोको. कोनी आलं तं सांगजो, बा आताच वावरात गेला."

"अन् शाळा?" मी विचारते.

"शाळा कुठं पयून जाते?"

माय म्हणाली, "पोरगी एकटी कशी राह्यन? मले अन् धाकट्याले ठेवा." तू तिच्याकडे बघितलंही नाहीस. उसाला कोयता लागतो तो नवराबायकोच्या जोडीचा, आणि धाकटा तर मायशिवाय न राहणारं लेकरू. हिशेब सरळ होता. तुझी एक म्हातारी मावशी दिवेलागणीला येऊन माझ्याजवळ झोपायची आणि उजाडायच्या आत निघून जायची. बाकी दिवसभर मी, चूल आणि खाली गावातून ऐकू येणारी शाळेची घंटा. चार महिने मी राख उकरून निखारे जपले. तुराटी भुर्रकन जळते, टिकत नाही, म्हणून शेण्या वेचत फिरले. हाताला पोळलेला डाग अजून आहे, माझ्या अंगणवाडीतली पोरं विचारतात, बाई हे काय झालं. मी सांगते, भाकरी करताना.

पंचनामा झाला तो माघातल्या एका दुपारी. तलाठी, कोतवाल आणि गावातले दोघं पंच. तलाठ्याने चुलीवर हात धरून पाहिला. मग विचारलं, "बाप कुठं हाय तुवा?"

"वावरात."

त्याने वळून वावर पाहिलं. लपायला एक झुडूप नव्हतं तिथे. पंच हसले. तो हसला नाही, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "खरं सांग, इथं राहते कोन?"

"मी राह्यतो."

"मंग कब्जा कोनाचा लिहू?"

"माया," मी म्हणाले. माझाच; दुसरं कोणी नव्हतंच, तर कोणाचा सांगणार? त्याने शाईची डबी पुढे केली. मी म्हणाले, मले सही येते. आणि शाळेत शिकवलं होतं तसं पूर्ण नाव लिहिलं, माझं, मधे तुझं, शेवटी आडनाव. वळणदार लिहिलं होतं, बा. तलाठ्याने ते कोतवालाला दाखवलं. त्या चार महिन्यांत मला कोणी चांगलं म्हणालं असेल तर तेवढंच.

तू परत आलास तेव्हा गावात तुला आधीच कोणीतरी चिडवलं होतं, जमीन पोरीच्या नावानं लावली म्हणून. तू पाणीही न पिता मला मारलंस. "आंगठा देल्ला असता तं कोनाचा हाय हे कोन पाह्यत होतं? तुले शायनी व्हाचं होतं." आणि जून लागल्यावर मी दप्तर काढलं तेव्हा म्हणालास, "सही येते ना तुले? लय झालं." मार मी विसरले असते. शाळेचं ते वाक्य नाही विसरले. धाकट्याला तू रिसोडला वसतिगृहात ठेवलंस, मला नाही. मी दहावी केली ती दोन लेकरं झाल्यावर, बाहेरून.

आता ऐक गंमत. सरकार जमिनी नियमित करून, नावावर लावून देत आहे, जुना कब्जा दाखवायचा आहे. तुझे सगळे कागद पेटीत उधईने खाल्ले. वाशीमला जुन्या दप्तरात शोधलं तर आपल्या वावराचा एकच पंचनामा सापडला, माझ्या सहीचा. धाकटा पेढे घेऊन घरी आला. "ताई, तू फकस्त एवढं लिहून दे, बापाच्या वतीनं सही केल्ती." मी कागद वाचला, घडी घातली आणि त्याला परत दिला. म्हणाले, कब्जा माझा होता, तसं लिहिलेलं आहे. तो पेढे तसेच ठेवून गेला, तेव्हापासून बोलत नाही. मी तहसीलमध्ये माझ्या नावाने अर्ज केला. शिरपुरात बायका माझी पाठ थोपटतात. मी त्यांना सांगते की हे मायसाठी आहे, बुडालेल्या शाळेसाठी आहे, आणि जी चुलीपाशी बसली जमीन तिचीच असायला पाहिजे.

गेल्या आठवड्यात मी वावर बघायला वर गेले. भावजय निंदत होती. धाकटा रिसोडला दुकानात असतो, वावर ती एकटीच करते, लग्न होऊन आल्यापासून. मी तिला म्हणाले, निकाल लागेस्तोवर वावरात पाय ठेवू नको. तिने विळा खाली ठेवला नाही. म्हणाली, "ताई, पंधरा वर्सं झाली, इथं मीच हाओ ना?"

तिचं खरं होतं. पण पुढच्या तारखेला तहसीलमध्ये जाईन तेव्हा मी तिचं नाव सांगणार नाही, हे मला आजच माहीत आहे. तिथली माती मी मुठीत घेऊन पाहिली, बा. मला ती पाहिजे. हे तुला पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं. तू कोणाकडून तरी वाचून घेतलं असतंस, आणि पोरगी आपल्यावरच गेली म्हणून खूश झाला असतास.